चेअरमन झालात, आता सकाळी पावणेसहाला ओट्यावर बसा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे बेळगाव जिल्ह्यात निपाणी भागातल्या, कर्नाटकात पण महाराष्ट्राच्या हद्दीला लागून असलेल्या गावचे. वय 34, शिक्षण बी. कॉम., दावणीला तीन म्हशी. दोन महिन्यांपूर्वी गावच्या दूध संस्थेचे चेअरमन झाले. पाच वर्षांपूर्वी संस्थेत दोन्ही वेळचं मिळून 900 लिटर दूध यायचं, आता 400 च्या आत आलंय. खासगी डेअरीची गाडी दारात येते, ओढ्यापलीकडच्या गावात कोल्हापूरकडच्या संघाचं संकलन आहे आणि जुने संचालक म्हणतात, "तुला जनावरातलं काय कळतंय?" त्यांना विचारायचंय की दूध संस्था चालवायला पुढारी लागतो की जाणकार, आणि सुरुवात कुठून करायची.

मी दूध संघाच्या विस्तार खात्यात 31 वर्षं काढली. खानापूरच्या जंगलकडेच्या वाड्यांपासून कागवाड-अथणीच्या कृष्णाकाठापर्यंत बहुतेक संस्थांच्या दूध संकलनाच्या ओट्यावर बसलोय. त्या अनुभवावरून सांगतो, पुढारी आणि जाणकार दोन्ही लागतात आणि दोन्ही गुण एकाच माणसात असायची गरज नाही. गरज आहे ती त्या दोघांनी एका जागी बसून निर्णय घेण्याची. आपल्याकडच्या बऱ्याच संस्था बुडाल्या त्या हे होत नाही एवढ्याचसाठी. चेअरमन मीटिंगच्या खोलीत, डॉक्टर तालुक्याला, सेक्रेटरी एकटा मशीनपाशी, आणि दूध घालणारी बाई रस्त्यावर पुटपुटत घरी.

गुजरातच्या खेडा जिल्ह्याचं, म्हणजे अमूलचं, उदाहरण सगळे देतात, पण त्यातली जोडी कुणी नीट बघत नाही. खेडा जिल्हा संघ 1946 मध्ये उभा राहिला तो त्रिभुवनदास पटेलांच्या शब्दावर. गावं त्यांना मानत होती. 1949 मध्ये व्हर्गीस कुरियन तिथल्या आणंदला आले ते सरकारी क्रीमरीतले इंजिनिअर म्हणून. त्यांचे सहकारी दलाया यांनी म्हशीच्या दुधाची पावडर करून दाखवली आणि 1955 पासून ती कारखान्यात निघू लागली, तीही परदेशी तज्ज्ञ 'हे होणार नाही' म्हणत असताना. त्रिभुवनदासांनी यंत्रात ढवळाढवळ केली नाही आणि कुरियननी गावचं राजकारण अंगावर घेतलं नाही. पण दोघांना एकमेकांचं काम पुरतं कळत होतं. आपल्या पलीकडे कोल्हापूरला गोकुळ संघ 1963 मध्ये झाला. कर्नाटकात 1974 मध्ये जागतिक बँकेच्या मदतीनं डेअरी विकास महामंडळ आलं आणि 1984 मध्ये त्याचा महासंघ झाला, ज्याचं दूध आपण नंदिनी नावानं घेतो. वरचे दोन मजले, जिल्हा संघ आणि राज्याचा महासंघ, असे उभे आहेत. पाया तुमच्या गावातला आहे, आणि तुमची अडचण पायातली आहे.

म्हणून पहिलं काम. महिनाभर रोज सकाळी पावणेसहाला ओट्यावर हजर राहा. भाषण नको, तपासणी करतोय असा आवही नको. खुर्ची ठेवा, वही ठेवा, आणि प्रत्येक किटली ओतताना बघा.

काय बघायचं ते एका प्रसंगावरून सांगतो. वेदगंगेकाठच्या एका गावात एक आक्का रोज दोन-अडीच लिटर दूध घेऊन यायच्या. पंढरपुरी म्हैस, खांद्यापर्यंत गेलेली शिंगं, घरचीच वाढलेली. शेजारणीच्या म्हशीला फॅट (दुधातला स्निग्धांश) 7 टक्क्यांच्या आसपास लागायचं, आक्कांच्या म्हशीला 5.6. त्या रोज चिठ्ठी हातात धरून म्हणायच्या, "मशीन तुमचं खोटं हाय. माझी म्हस मला ठावं न्हाई व्हय?" सेक्रेटरी म्हणायचा, पाणी घालत असतील. मी दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांच्या गोठ्यात गेलो. आक्कांनी आधी रेडकू सोडलं, पान्हा आला तसं बांधलं, धार काढली, आणि कासेत थोडं राहिलं असताना रेडकू परत सोडलं. "लेकराला नको व्हय?" म्हणाल्या. त्यांच्या हातात काही खोट नव्हती. पहिल्या धारांत फॅट फार कमी असतं आणि शेवटच्या धारांत कितीतरी पटींनी जास्त. सगळी साय रेडकाच्या पोटात जात होती आणि पातळ दूध किटलीत येत होतं. मी सांगितलं, आक्का, रेडकाला त्याचं दूध आधी पाजा, वजनाच्या दहाव्या भागाइतकं, आणि मग कास पूर्ण रिकामी करा. आठवड्यात 6.8 लागलं. त्यानंतर त्या आमच्या संस्थेच्या सगळ्यात मोठ्या वकील झाल्या. सेक्रेटरीनं मात्र त्यांची माफी मागायला हवी होती, ती मी मागायला लावली. ते मला फॅटपेक्षा महत्त्वाचं वाटलं होतं आणि आजही वाटतं.

दरवेळी चूक गोठ्यात असते असंही नाही. दुसऱ्या एका संस्थेत मशीनच्या नळीत साय धरली होती, रोजची धुणी नीट होत नव्हती, आणि सगळ्या गावाचं फॅट दोन-तीन पॉइंटनं, म्हणजे 0.2-0.3 नं, कमी दिसत होतं. लोक तीन आठवडे ओरडत होते. फॅट मोजायच्या जुन्या गर्बर पद्धतीनं एकदा पडताळून बघितलं तेव्हा कळलं. 10 मिली सल्फ्युरिक अॅसिड, 10.75 मिली दूध, 1 मिली अमाईल अल्कोहोल, मग सेंट्रीफ्यूज. हे तुम्ही स्वतः शिकून घ्या. दोन सकाळी लागतात, अॅसिडपासून हात आणि डोळे सांभाळा, बाकी अवघड काही नाही. आठवड्यातून एक दिवस ठरवा, सगळ्यांसमोर पाच सॅम्पल मशीनवर आणि तीच पाच गर्बरवर लावा, आणि दोन्ही आकडे फळ्यावर लिहा. फरक निघाला तर तोही लिहा. 'तुला काय कळतंय' म्हणणाऱ्यांना याहून वेगळं उत्तर द्यावं लागणार नाही. सॅम्पल घ्यायच्या आधी दूध वरखाली ढवळतात की नाही हेही बघा. बरेच सेक्रेटरी घाईत ढवळत नाहीत. साय वर आलेली असते, आणि वरून घेतलं की एकाला जास्त, खालून घेतलं की दुसऱ्याला कमी.

आता जनावरांचं. तुमच्या भागात दूध कमी होण्याचं एक मोठं कारण उसाच्या फडात आहे. कारखाने सुरू झाले की नोव्हेंबर ते मार्च वाडं (उसाचे हिरवे शेंडे) फुकट किंवा जवळजवळ फुकट मिळतं, आणि सगळा गाव म्हशींना नुसतं वाडं टाकतो. वाड्यात ऑक्झलेट असतं. ते चाऱ्यातल्या कॅल्शियमला धरून ठेवतं, म्हणजे जनावर खातं पण अंगाला लागत नाही. चार महिने नुसतं वाडं खाल्लेली म्हैस वरून धडधाकट दिसते, आणि मग व्यायच्या सुमाराला अंग (जननमार्गाचा भाग) बाहेर येतं, व्यायल्यावर बसून राहते, किंवा वर्षभर माजावरच येत नाही. शेतकरी म्हणतो नजर लागली, डॉक्टर सलाईन लावून जातो, आणि पुढच्या हंगामात परत तेच.

यावर उपाय मोठा नाही. वाडं निम्म्यावर आणा आणि सोबत ज्वारीचा कडबा द्या, तो आपल्याच जिल्ह्यात अथणीकडं मुबलक असतो. वाडं कुट्टी करून त्यावर चुन्याची निवळी शिंपडा. मोठ्या जनावराला रोज 50 ग्रॅम खनिज मिश्रण द्या. हे मी सांगायला लागलो तेव्हा लोक ऐकून घ्यायचे आणि करायचे नाहीत, कारण पिशवी आणायला तालुक्याला कोण जाणार. एका संस्थेच्या चेअरमननं संचालक मंडळात ठराव केला, संस्थेनं खनिज मिश्रण एकदम आणलं, ओट्यावरच किलोकिलोनं दिलं आणि पैसे दूध बिलातून थोडे थोडे कापले. दोन वर्षांत त्या गावात अंग बाहेर यायच्या केसेस मला हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या राहिल्या. वाड्याचं मला माहीत होतं, त्या चेअरमनना नव्हतं. पण त्यांनी ठराव केला नसता तर माझं माहीत असणं माझ्या वहीतच राहिलं असतं.

पेंडीच्या बाबतीत फार सावध राहा. एका संस्थेत (नाव घेत नाही) चेअरमनच्या पाहुण्यांची पेंड घ्यायची असं ठरलं. मी बुरशीचा वास येतोय म्हणून लिहून दिलं होतं. तो कागद मीटिंगपुढे आलाच नाही. बुरशीचं विष जनावराला तर बाधतंच, ते दुधातही उतरतं. त्या उन्हाळ्यात त्या गावातल्या तीन म्हशी गाभडल्या, म्हणजे त्यांचे गर्भ पडले. कारण तेच होतं हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, पण मला आजही झोप लागताना ते पोतं आठवतं. तेव्हापासून मी प्रत्येक नव्या चेअरमनला एकच मागणं मागतो: जाणकाराचा लेखी शेरा मीटिंगमध्ये मोठ्यानं वाचून दाखवायचा, मग मंडळानं तो मानावा किंवा न मानावा, पण इतिवृत्तात तो यायलाच हवा.

गावातला दुसरा जाणकार म्हणजे कृत्रिम रेतन करणारा. त्याला मान द्या. बहुतेक ठिकाणी त्याला चहासुद्धा कुणी विचारत नाही आणि म्हैस उलटली, म्हणजे गाभ न राहता परत माजावर आली, की शिव्या मात्र त्यालाच. माजाचं चक्र 21 दिवसांचं. एक माज हुकला की 21 दिवस गेले. रोजचं खाणं 150 रुपये धरलं तर 3,150 रुपये नुसते दावणीत गेले, आणि दूध मागं पडलं ते वेगळं. म्हशीचा उन्हाळ्यातला माज मुका असतो, ती ओरडत नाही, पहाटे किंवा रात्री उशिरा थोडा सोट (चिकट स्राव) दिसतो एवढंच. घरात हे बायकांना कळतं, कारण शेण त्या काढतात. पण फोन नवऱ्याच्या खिशात असतो आणि तो दुपारी घरी येतो. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायचं, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. संस्थेनं प्रत्येक घरात एक माजाची वही द्यावी आणि रेतन करणाऱ्याचा नंबर त्या घरातल्या बाईच्या फोनमध्ये भरून द्यावा. खर्च काहीच नाही. ज्या गावात हे केलं तिथे भाकड दिवस कमी झालेले मी स्वतः पाहिलेत.

लसीकरणाला चेअरमननं स्वतः पुढं उभं राहावं लागतं. 2019 पासून लाळ-खुरकूत आणि ब्रुसेलाची लस केंद्राच्या कार्यक्रमातून मिळते. लाळ-खुरकूत वर्षातून दोनदा, ब्रुसेला चार ते आठ महिन्यांच्या कालवडीला आणि पारडीला आयुष्यात एकदाच. कानात बारा अंकी बिल्ला मारला जातो. 2022 मध्ये लंपी आला तेव्हा लस टोचली की दूध आटतं अशी अफवा गावागावांत होती. खानापूरकडच्या एका वाडीत चेअरमननं आपली दुभती जर्सी सगळ्यांत आधी उभी केली. एक-दोन दिवस तिचं दूध थोडं कमी आलं, तेही त्यांनी ओट्यावर उघड सांगितलं, चौथ्या दिवशी पूर्ववत झालं तेही सांगितलं. त्या दिवशी दुपारपर्यंत पूर्ण वाडीची जनावरं टोचून झाली होती.

आता दराचं. पलीकडच्या संघाचा म्हशीच्या दुधाचा दर जास्त असेल तर ते लपवू नका. ओढा ओलांडला की कळतंच. पण पूर्ण हिशेब मांडा. कर्नाटक सरकार सहकारी संस्थेत दूध घालणाऱ्याला लिटरमागं प्रोत्साहनधन देतं. 2008 मध्ये ते 2 रुपयांनी सुरू झालं आणि पुढं 5 रुपयांवर गेलं. ते थेट खात्यावर जमा होतं, त्यामुळे रोजच्या चिठ्ठीवर दिसत नाही, आणि जे चिठ्ठीवर दिसत नाही ते शेतकऱ्याच्या मनात धरलं जात नाही. शिवाय वर्षअखेरीला मिळणारा दर-फरक, लस, रेतन, पशुखाद्य. चार नमुन्याच्या घरांचा वर्षाचा हिशेब काढा: दोन म्हशींचं घर, एका गाईचं, सहा जनावरांचं, आणि एकल बाईचं. इकडे घातलं तर किती, तिकडे घातलं तर किती, असे दोन रकाने. एखाद्या घराला तिकडेच जास्त मिळत असेल तर तेही तसंच लिहा. खोटा हिशेब एका महिन्यात उघडा पडतो आणि मग पुढचा खरा हिशेबही कुणी वाचत नाही.

खासगी गाडीला लोक दरापेक्षा उचलीसाठी, म्हणजे आगाऊ पैशांसाठी, दूध घालतात. पोरीचं लग्न, कॉलेजची फी, दवाखाना. उचल घेतली की दर त्यांचा. तुम्ही बी. कॉम. आहात म्हणून सांगतो, इथे तुमचं शिक्षण कामाला येईल. किसान क्रेडिट कार्ड 2018-19 पासून पशुपालनालाही लागू झालंय. गावातल्या दहा घरांचे कागद स्वतः बसून भरून द्या. त्यातली पाच मंजूर झाली तरी गाडीची पकड सैल होते.

भाषेबद्दल एक मनापासून सांगायचंय. आपल्या संस्थांत मराठी आणि कन्नड दोन्ही घरांची माणसं एकाच रांगेत उभी असतात. पोटनियम कन्नडमध्ये, चिठ्ठी कन्नडमध्ये, आणि निम्म्या बायकांना 'जिड्डु' म्हणजे फॅट हेही कुणी सांगितलेलं नसतं. न कळणाऱ्या कागदावर माणूस विश्वास ठेवत नाही, तो मराठी असो की कन्नड. फळा दोन्ही भाषांत ठेवा. पोटनियमांतली सभासदत्व, मतदान आणि फरकाच्या वाटपाची कलमं मराठीत उतरवून भिंतीवर लावा. वार्षिक सभेत इतिवृत्त दोन्ही भाषांत वाचा. वेळ दुप्पट लागेल. लागू दे.

शेवटी ते पुढारी की जाणकार याकडे परत येतो, कारण त्याचं उत्तर मला 2019 च्या ऑगस्टमध्ये मिळालं. दूधगंगा, वेदगंगा दोन्ही पात्र सोडून वाहत होत्या, यमगर्णीपाशी हायवे बंद, आणि आमच्या एका संस्थेची गाडी अडीच दिवस आली नाही. पाच वेळचं मिळून सहाशेच्या आसपास लिटर दूध. वीज नाही, कुलर बंद. तिथल्या चेअरमननं दूध परत पाठवायचं नाही असं पहिल्याच संध्याकाळी ठरवलं आणि म्हणाले, खवा आटवू, पाच लिटरला किलो पडतो, बेळगावात कुंद्याच्या मिठाईला लागतोच. सगळे कामाला लागणार एवढ्यात गवळ्यांच्या घरातल्या एक आज्जी म्हणाल्या, "बाळा, ह्या दमट हवंत खवा दोन दिसांत आंबंल. रस्ता कवा सुटंल ठावं न्हाई. विरजण लाव, तूप ऱ्हातंय." चेअरमननं तिथल्या तिथं बेत बदलला. देवळातली जत्रेच्या प्रसादाची पातेली निघाली, गुऱ्हाळावर कोरडी चिपाडं होती ती जळणाला आली, घराघरांतल्या रव्या आल्या. दूध तापवलं, कोमट झाल्यावर विरजलं, ताक केलं. ताक शाळेत उतरलेल्या पूरग्रस्तांना वाटलं. पस्तीस किलोच्या आसपास तूप निघालं आणि रस्ता सुटल्यावर विकलं. ज्याचं जेवढं लिटर त्याप्रमाणे पैसे वहीवर सही घेऊन दिले. त्या आज्जींना संस्थेचं सभासदत्वसुद्धा नव्हतं, दूध मुलाच्या नावावर जायचं. पुढच्या सभेत चेअरमननी त्यांना सभासद करून घेतलं.

म्हणून तुमच्या गावात ओट्यावर बसल्यावर अशी माणसं शोधा. कुणाच्या म्हशीला दरवर्षी रेडकू होतं, कुणाची कास कधी दगडी (कासदाह) होत नाही, कुणाचं दूध उन्हाळ्यातही नासत नाही. त्यांची नावं वहीत लिहा. त्यातल्या बायकांच्या नावावर सभासदत्व आहे का बघा. नसेल तर ते या महिन्यातच करून घ्या.

महिना झाला की मला तीन आकडे कळवा: मशीन आणि गर्बरमधला फरक, मागच्या वर्षभरात उलटलेल्या म्हशींची संख्या, आणि उचलीत अडकलेली घरं. वाड्याचा हंगाम जवळ आलाय, तेव्हा खनिज मिश्रणाचा ठराव मात्र या आकड्यांची वाट न बघता करून टाका.